अंजिराला अजून एक वर्ष: विश्वासाची वाढ थांबल्यासारखी वाटते तेव्हा काय करायचं

बाप्तिस्म्याला तीन वर्षं झालेली एक मुलगी उपासना संपल्यावर मागे थांबली. म्हणाली, "ताई, पहिल्या वर्षी गाणं सुरू झालं की डोळे भरून यायचे. आता शेवटचं कडवं कधी येतंय याची वाट बघते. माझं काही चुकलंय का?"

हाच प्रश्न जन्मापासून मंडळीत असलेल्यांनाही पडतो, पण ते विचारत नाहीत. रजिस्टरात नाव आहे, प्रभुभोजन घेतो, नाताळात घरोघरी कॅरल म्हणत फिरतो, मग विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? आणि मनात मात्र ठाऊक असतं की पाच वर्षांपूर्वी होतो तिथेच आपण उभे आहोत. तोच राग, तीच भीती, आणि पाठ झालेली तीच प्रार्थना. त्या मुलीला दारात उभ्याउभ्या जेवढं सांगता आलं ते अपुरं होतं. म्हणून इथे नीट, क्रमानं लिहिते आहे. नव्यानं विश्वासात आलेल्यांसाठी आणि जुनेच असून नव्यानं सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी.

आधी लूकच्या 13व्या अध्यायातला छोटा दाखला वाचा, 6 ते 9 ही चारच वचनं. द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड आहे. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो आणि रिकाम्या हातानं परत जातो. शेवटी म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, महाराज, एवढं वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणतो, खत घालतो. हा माळी फांद्यांना हात लावत नाही. तो आळं खणतो, म्हणजे त्याचं सगळं काम मुळाशी आहे, वरून न दिसणारं.

आपण बहुतेक वेळा उलटं करतो. वाढ थांबली असं वाटलं की अजून एका कन्व्हेन्शनला जातो, अजून एक उपवास धरतो, वर्षभरात अख्खं बायबल वाचण्याचा तक्ता भिंतीवर लावतो आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकाला पोचलो की सोडून देतो. कन्व्हेन्शन वाईट नाही, मी स्वतः जाते. पण ते फांदीवरचं काम आहे. घट्ट झालेल्या मातीवर कितीही पाणी ओतलं तरी वाहूनच जातं.

आणि अशा जागी तुम्ही एकटे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुढे त्यांनी अभ्यास केला, शिकवलं, अमेरिकाभर फिरून भाषणं दिली, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. इतकं सगळं झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आळस त्यांच्या आसपासही फिरकला नव्हता. देवाकडे येण्याआधी आपण आधी कोणीतरी व्हायला हवं, ही समजूत सुटायला एवढा काळ लागला. केडगावचं मुक्ती मिशन आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं त्यांचं मराठी बायबल हे सगळं त्यानंतरचं. तेव्हा स्वतःवर "अपयशी ख्रिस्ती" असा शिक्का मारायची घाई करू नका.

पहिली पायरी: थकवा आहे का ते बघा

ही पायरी आध्यात्मिक वाटत नाही म्हणून सगळे ओलांडून जातात. मला मात्र ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही, अल्पविश्वासी म्हणत नाही. दूत येतो, स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा जेवायला घालतो. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न येतो तो फार पुढे, होरेब डोंगरावरच्या गुहेत. आधी झोप, आधी भाकर, मग प्रश्न.

माझी आई अंथरुणावर होती त्या वर्षी मी रात्री तिच्याजवळ जागायची, दिवसा नोकरी करायची आणि रविवारी संडे स्कूलचा वर्ग घ्यायची. प्रार्थनेला बसले की डोळे मिटायचे. माझा विश्वास थंडावला, असा निष्कर्ष काढून मी स्वतःला रोज फटके मारत होते. आमच्या एका वयस्क पाळकीणबाईंनी एकच विचारलं, "सलग सहा तास शेवटची कधी झोपलीस?" मला आठवेना. त्यांनी दोन महिने वर्ग दुसऱ्याकडे दिला, आणि शनिवारी रात्री आईजवळ बसायला मंडळीतल्या दोन बायका येऊ लागल्या. प्रार्थना हळूहळू परत आली. ती कुठे गेलीच नव्हती.

म्हणून पुढचे दोन आठवडे काहीही नवं सुरू करू नका. वेळेवर झोपा, एक वेळचं जेवण फोन बाजूला ठेवून जेवा, मंडळीतल्या चार जबाबदाऱ्या असतील तर दोन सोडा. महिना उलटला तरी मन उठत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्याचाच कंटाळा येत असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं. नैराश्य हा आजार आहे. "प्रार्थना कमी पडते" असं म्हणून कोणी औषध बंद करायला सांगितलं तर त्यांचं ऐकू नका, मग ते कितीही मोठे सेवक असोत.

दुसरी पायरी: मुळाशी अडकलेला दगड शोधा

झोप भरली, शरीर ठीक आहे, तरी वाढ नाही. मग माती उकरायची. एक कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. कोणाशी बोलणं बंद आहे? कोणाचं काही देणं आहे, पैसा, माफी, खरं सांगणं? असं काय आहे जे मी कोणालाही कळू देणार नाही?

मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्याकडे वाटणीच्या बांधावरून दोन भाऊ एकाच मंडळीत वीस वर्षं वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि दोघेही म्हणतात, हल्ली उपासनेत मन लागत नाही. लागणार कसं?

कागदावरची एकच ओळ निवडा, सगळ्यात सोपी. लूक 19 मधल्या जक्कय या जकातदारानं झाडावरून उतरल्यावर, फसवून घेतलेलं चौपट परत करण्याचं वचन दिलं. तुम्ही उसने घेतलेले दोन हजार तरी परत करा. माफी मागताना "तुमचंही चुकलं" हे वाक्य घरी ठेवून जा. समोरच्यानं माफ केलं नाही तरी तुमचं काम झालेलं असतं.

एक गोष्ट इथे ठळक सांगायला हवी. ज्यानं तुम्हाला मारहाण केली, छळलं, त्याच्या घरी परत जाणं म्हणजे क्षमा नव्हे. सुरक्षित अंतर ठेवूनही क्षमा करता येते, आणि तिला वर्षं लागली तरी चालतं. या वचनाचा धाक घालून बायकांना सासरी परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. ते चूक आहे.

तिसरी पायरी: एकच शुभवर्तमान, सावकाश

मोबाइलवर रोज सकाळी येणारं फुलांच्या चित्रातलं वचन हे वाचन नव्हे. मागचा-पुढचा संदर्भ नसलेलं एक वाक्य जिभेवर साखरेसारखं विरघळतं आणि पोट रिकामंच राहतं. इब्री लोकांस लिहिणारा तक्रार करतो की आतापर्यंत तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण तुम्हाला अजून दूधच लागतं. जड अन्न म्हणजे अवघड पुस्तक असं समजू नका. सलग वाचलेलं आणि चावलेलं अन्न, एवढाच त्याचा अर्थ धरला तरी पुरे.

मार्क घ्या. 16च अध्याय, चौघांत सगळ्यात लहान, आणि भराभर घडत जाणारा. रोज दहा-बारा वचनं वाचलीत तर साधारण दोन महिन्यांत संपतो. पद्धत अशी:

पाठ एकदा मोठ्यानं वाचा. मोठ्यानंच, कारण डोळे ओळी गाळतात, जीभ गाळत नाही. मग दुसऱ्यांदा मनात वाचा आणि विचारा, या प्रसंगात मी कुठे उभा आहे? गर्दीत, नावेत, की छप्पर उचकटणाऱ्या चौघांत? तिसरं, वहीत एकच वाक्य लिहा. "काय शिकलो" असं शाळेतल्यासारखं नको. काय खटकलं, काय आवडलं, काय कळलं नाही, त्यातलं काहीही. पंधरा मिनिटं झाली की थांबा, अजून वाचावंसं वाटत असलं तरी. भूक शिल्लक ठेवून उठलेला माणूस उद्या पुन्हा येतो.

भाषा अडत असेल तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आजच्या मराठीत आहे आणि प्रॉटेस्टंट घरातही ते खुशाल वाचावं. मुंबई-पुण्यात इंग्रजी उपासनेला जाणाऱ्या तरुणांना माझा आग्रह आहे की रोजचं वाचन तरी ज्या भाषेत आईशी भांडता त्या भाषेत करा. मन तिथेच राहतं.

मार्क वाचताना आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा भेटेल. प्रभू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो. त्याला अर्धवट दिसत होतं, आणि त्यानं तसंच सांगितलं. "हो हो, सगळं स्पष्ट दिसतंय" असं म्हणून तो घरी गेला असता तर? आपली कितीतरी वाढ त्या अर्ध्या नजरेवर अडते, कारण साक्ष देताना आपल्याला सगळं स्पष्ट दिसत असल्याचं दाखवावं लागतं.

चौथी पायरी: शब्द सुचत नाहीत तेव्हाची प्रार्थना

नव्या माणसाला वाटतं, प्रार्थना म्हणजे सभेत वडीलमंडळी करतात तशी लांब आणि ओघवती. घरी एकट्यानं तसं बोलायला गेलं की दोन मिनिटांत शब्द संपतात आणि अपराधी वाटतं.

स्तोत्रसंहिता उघडा. 150 स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रं भरपूर आहेत. 13वं सहाच वचनांचं आहे आणि सुरुवातच "किती वेळ, प्रभू?" या प्रश्नानं होते. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलीही आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवासमोर असं बोलायला परवानगी आहे. मार्क 9 मध्ये आजारी मुलाला घेऊन आलेला बाप तर एकाच दमात दोन्ही म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. महिनाभर एवढंच म्हणालात तरी ती पूर्ण प्रार्थना आहे.

सकाळी स्तोत्र, आणि रात्री झोपण्याआधी दिवसाची उजळणी. उजळणीची ही रीत 16व्या शतकातले स्पॅनिश संत इग्नाती लोयोला यांनी घालून दिली. आधी आजच्या दिवसाबद्दल आभार, मग मन उजेडात यावं म्हणून विनंती, मग सकाळपासून दिवस आठवत यायचा, जिथे चुकलो तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं एक काम देवाच्या हाती द्यायचं. दहा मिनिटं पुरतात. पंधरा दिवसांत तुम्हाला दिसू लागतं की दर वेळी घसरण त्याच वळणावर होते. माझी संध्याकाळी सात वाजता, स्वयंपाकघरात व्हायची.

आणि गा. आपल्याला वारशात मिळालेली फार मोठी गोष्ट म्हणजे मराठी भजनं. कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात गायलं, म्हणून त्याचं नाव आपल्या जिभेवर परकं राहिलं नाही. टाळ असेल तर उत्तम, नसेल तर भांडी घासताना. कोरड्या दिवसांत माझी स्वतःची प्रार्थना अडते, पण दुसऱ्या कोणी रडत लिहिलेलं भजन मला ओढून नेतं.

पाचवी पायरी: एक माणूस

याकोब 5:16 म्हणतं, एकमेकांजवळ आपली पातकं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. कॅथलिक बंधुभगिनींकडे यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे आणि तो नुसता खिडकीपलीकडचा सोपस्कार न मानता नीट वापरावा. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे तशी ठरलेली जागा नाही, म्हणून माणूस शोधावा लागतो.

कसा? तुमच्यापेक्षा दहा-वीस वर्षं पुढचा, शक्यतो बाईसाठी बाई आणि पुरुषासाठी पुरुष, दुसऱ्यांची गुपितं तुम्हाला न सांगणारा. (जो तुम्हाला इतरांचं सांगतो, तो इतरांना तुमचं सांगणारच.) महिन्यातून एकदा चहाला भेटा. उपदेश मागू नका. एवढंच म्हणा, "मी काय म्हणते ते ऐका आणि शेवटी माझ्यासाठी प्रार्थना करा."

जो तुमच्या लग्नाचे, नोकरीचे, पैशाचे निर्णय "देवानं मला दाखवलं" म्हणून स्वतःच देऊ लागतो, त्याच्यापासून दूर व्हा. विश्वासाचं बी म्हणून अमुक रक्कम पाठवा, तुमची अडलेली वाढ सुटेल, असं सांगणाऱ्यापासूनही. वाळलेल्या काळात माणूस काहीही द्यायला तयार होतो. त्याचा फायदा घेणारे आहेत आणि त्यांची भाषा अगदी आपल्यासारखी असते.

सहावी पायरी: हात कामाला लावा

ज्यांना पहिल्या पायरीवर विश्रांती लागली त्यांनी ही पायरी सध्या सोडावी. बाकीच्यांनी आठवड्यातले दोन तास अशा कामाला द्यावेत ज्याचा फोटो निघत नाही. सरकारी दवाखान्यात एकट्या पडलेल्या पेशंटला डबा नेणं, शेजारच्या आजींची पेन्शन आणून देणं, दहावीत गणितात अडलेल्या पोराला शिकवणं. मत्तय 25 मधल्या नीतिमानांना आठवतही नाही की त्यांनी प्रभूला कधी जेवू घातलं. मंडळीबाहेरच्या माणसासाठी करा आणि पत्रिका वाटण्याची संधी म्हणून करू नका.

हे सगळं करूनही कोरडंच राहिलं तर

डाळिंबाच्या बागेत बहार धरण्याआधी शेतकरी झाडांना ताण देतो. पाणी तोडतो, पानं पिवळी पडून गळतात, अनोळखी माणसाला वाटतं बाग मेली. शेतकऱ्याला माहीत असतं की मुळं जिवंत आहेत. मग छाटणी, खत, पाणी आणि फुटवा. प्रत्येक कोरडा काळ देवानंच दिलेला ताण असतो असं मी म्हणणार नाही. काही आपण ओढवून घेतो, काही आजार असतात. पण काही खरंच तसे असतात. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देव जवळ असल्याची जाणीवच नव्हती, आणि त्या रोज पहाटे उठून प्रार्थना करून कामाला जात होत्या.

अशा काळासाठी इग्नातींचाच एक नियम धरून ठेवा: मन अंधारात असताना, उजेडात घेतलेले निर्णय बदलू नका. मंडळी सोडणं, सेवा कायमची बंद करणं, "माझा विश्वास खरा नव्हताच" असं जाहीर करणं, हे सगळं सध्या पुढे ढकला.

वाढ मोजायची कशी? गाताना डोळे भरून आले का यावरून नको. गलती 5:22-23 मध्ये फळाची यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. तीन महिन्यांनी घरातल्या माणसाला विचारा, माझ्यात काही फरक वाटतो का? नवऱ्याला, बायकोला, मुलांना. त्यांचं उत्तर ऐकताना मधे बोलू नका.

घाईही करू नका. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंच्या मनातल्या शिवाशिवीच्या, जातीच्या गाठी एकेक करून सुटत गेल्या. बाहेरून बघणाऱ्याला त्या पाच वर्षांत काहीच घडताना दिसलं नसेल. दाखल्यातल्या माळ्यानंसुद्धा आठवडा मागितला नाही, वर्ष मागितलं.

आता उद्या सकाळचं. मार्क 1, वचन 1 ते 11, मोठ्यानं. नंतर कधीतरी दिवस चुकणार, आठवडाही चुकेल, प्रवास येईल, पाहुणे येतील. चुकलेले पाठ साठवून एका दिवशी भरून काढायला बसू नका, तिथेच बहुतेकांची वही बंद होते. जिथे थांबला होतात तिथली खूण काढा आणि त्या दिवसाची दहा-बारा वचनं वाचा.